सोनोग्राफी, प्रसूतिविद्येतील
श्राव्यातीत (मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या) ध्वनितरंगांच्या साहाय्याने गर्भाशयातील गर्भाची प्रतिमा मिळविण्याची पद्धती. त्वचेवर टेकविलेल्या शोधकातील स्फटिक हे तरंग उत्पन्न करतो व ऊतकांच्या सीमांवरून परतलेले प्रतिध्वनी ग्रहण करतो; त्यांपासून पडद्यावर चित्र उमटते.

या पद्धतीचे मूळ वैद्यकाबाहेर आहे. झाक व प्येअर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधलेल्या दाबविद्युत्‌ परिणामाचा उपयोग पहिल्या महायुद्धात पॉल लांझव्हँ यांनी पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी केला. पुढे धातूंतील दोष शोधणारी उपकरणे तयार झाली. ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिविद्येचे प्राध्यापक इअन डॉनल्ड (१९१०–८७) यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी रेन्फ्रू येथील बाष्पित्रांच्या कारखान्यात नेऊन अशा उपकरणाने तपासल्या. घन गाठ व द्रवयुक्त गाठ यांचे प्रतिध्वनी भिन्न असल्याचे त्यांना आढळले. अभियंता टॉम ब्राउन व वैद्य जॉन मॅकव्हिकर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला निबंध १९५८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात गर्भाच्याही प्रतिमा होत्या. याच सुमारास ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी गर्भावस्थेतील क्ष-किरण तपासणी व बालवयातील कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला होता. त्यामुळे क्ष-किरणांविना गर्भ पाहण्याच्या या पद्धतीस विशेष महत्त्व आले.

आजच्या पहिल्या तपासणीतील अनेक गोष्टी या इतिहासातून आलेल्या आहेत. पोटावर लावला जाणारा चिकट द्रव शोधक व त्वचा यांमधील हवा दूर करतो, कारण हवेतून हे तरंग शरीरात नीट शिरत नाहीत. भरलेले मूत्राशय आतडी बाजूला सारते व तरंगांना वाट देते, हे डॉनल्ड यांच्या ध्यानात आल्यावर अगदी आरंभीची गर्भावस्थाही दिसू लागली. तपासणीपूर्वी पाणी पिण्यास सांगण्याची प्रथा यातूनच पडली. योनिमार्गे तपासणी करताना मात्र मूत्राशय रिकामे ठेवतात. ग्लासगोमधीलच ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये गर्भाच्या डोक्यापासून नितंबापर्यंतच्या लांबीवरून त्याचे वय ठरविण्याची रीत मांडली. पाळीची तारीख निश्चित नसतानाही पहिल्या तिमाहीत या मापाने पाच-सात दिवसांच्या फरकाने वय सांगता येते व प्रसूतीची अपेक्षित तारीख ठरविता येते. याखेरीज गर्भ गर्भाशयातच आहे की नलिकेत, तो एक आहे की जुळे, हृदयाचे ठोके पडतात की नाही, हे पाहतात. ११ ते १४ आठवड्यांच्या तपासणीत मानेमागील द्रवाच्या थराची जाडीही मोजतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास ठोके न दिसल्यास, दिवसांच्या मोजणीत चूक असण्याचा संभव असल्याने, एकाच तपासणीवरून निष्कर्ष न काढता सामान्यतः काही दिवसांनी पुन्हा तपासणी करतात.

भारतात या साधनाचा दुरुपयोगही झाला. लिंगनिदानासाठी प्रथम गर्भजल परीक्षा व नंतर सोनोग्राफी वापरून स्त्री-गर्भांचा पात करण्यात येऊ लागला. यास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला व २००३ मध्ये गर्भधारणापूर्व लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आणण्यात आली. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ अशी घटत गेली. केंद्राची नोंदणी, प्रत्येक तपासणीची विहित नमुन्यात नोंद आणि लिंग जाणून घ्यावयाचे नसल्याचे गर्भवतीचे निवेदन या गोष्टी कायद्याने आवश्यक आहेत. गर्भाचे वय, वाढ व ठोके यांची माहिती मातेस देता येते. लिंग मात्र शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने तिला किंवा तिच्या नातेवाइकांना सांगण्यास मनाई आहे.