मुंबई बेटावरील युद्धस्मारके आणि नावांचा प्रश्न

तळोज्याहून पनवेलमार्गे हार्बर गाडीने मुंबईस जाणाऱ्यास मशीद स्थानक परिचित असते. मात्र स्थानकाच्या पूर्वेस भारतीय खलाशीगृहाच्या इमारतीत दोन्ही महायुद्धांतील भारतीय खलाशांचे स्मारक आहे, याची जाणीव फारच थोड्यांना असते. समुद्राखेरीज ज्यांना अन्य विश्रांतिस्थान लाभले नाही, अशा पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक खलाशांची नोंद येथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील नोंदींत नाविक दलाचे सुमारे ४००, तर व्यापारी जहाजांवरील सुमारे ६,००० जण आहेत. व्यापारी जहाजांवर कोकणपट्टीतील सारंग, तांडेल व खलाशी यांचा भरणा मोठा होता. गोऱ्या खलाशांच्या तुलनेत त्यांचे वेतन अत्यल्प असे. तरीही मरणोत्तर का होईना, त्यांची नावे नोंदविली गेली.

या पार्श्वभूमीवर त्याच गोदी परिसरातील दुसरी घटना पाहणे उद्बोधक ठरते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत सुमारे १,४०० टन स्फोटके व कापसाच्या गासड्या घेऊन उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजास आग लागली. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला व सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून भीषण स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. भायखळा येथील मुख्यालयात त्यांचे स्मारक असून हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

परंतु मृतांची एकूण संख्या सातशेपासून तेराशेपर्यंत सांगितली जाते. अंदाजांतील ही तफावतच पुरेशी बोलकी आहे. मांडवी परिसरातील वस्त्या जळाल्या. सुमारे ८०,००० लोक बेघर झाल्याचे नमूद केले जाते. युद्धकालीन निर्बंधांमुळे सैगाव नभोवाणीने १५ एप्रिललाच दिलेली ही वार्ता येथील वृत्तपत्रांस मे महिन्यापर्यंत सविस्तर छापता आली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र केवळ निर्बंधांवर दोष टाकणे अपुरे आहे. जहाजावरील खलाशाचे नाव करारपत्रात असे, जवानाचे हजेरीपटावर. टोळीवाल्यामार्फत रोजंदारीवर आलेल्या गोदी कामगाराची गणना टोळीत होई. मांडवीतील हमालाची वा गृहिणीची तर कोठेच नाही. खलाशीगृहातील नोंदवही ज्या कागदपत्रांवरून सिद्ध झाली, तसे कागद या बेटवासीयांच्या वाट्याला आलेच नव्हते.