सासूविना शिजलेलं पुरण

नवशिक्या बाईचं पुरण सैल झालं की दोष तिच्या हाताला लागतो. हाताला चव नाही, माहेरचं वळण नाही, लक्ष दुसरीकडे होतं, असे निवाडे ठरलेले आहेत. जबलपूरच्या मराठी घरांचा इतिहास मात्र दुसऱ्या कारणाकडे बोट दाखवतो. सागरच्या मराठी अंमलदारांनी 1781 च्या सुमारास गढा-मंडला घेतला, पुढे 1798 मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. त्या दिवसांत इथे स्थिरावलेली बडी घराणी गोतावळ्यासकट, आचारी-पाणक्यांसकट आलेली. त्यांच्या स्वयंपाकघरात नवी सून एकटी कधीच नसायची. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, मार्च 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वे जबलपुरात जोडली गेली, 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, आणि माणसं येण्याची तऱ्हाच पालटली. आता येणारा कारकून, मास्तर, फिटर एकटा तरी यायचा, नाहीतर कोवळ्या वयाच्या बायकोला घेऊन. सासू पुण्याला किंवा वऱ्हाडातच राहायची. आगगाडीने बिऱ्हाड आणलं, पण चुलीपाशी उभं राहून ‘अगं, थांब, आत्ता गूळ नको’ म्हणणारं माणूस काही आणलं नाही.

पुरणाचंच बघा. हरभऱ्याची डाळ बोटाने चेपून पीठ होईपर्यंत शिजवायची, मग निथळून गूळ. डाळ कणीदार असताना गूळ पडला तर पुढे तासभर आटवलं तरी ती कणी मऊ होत नाही, पुरणयंत्रात अडते आणि पोळी लाटताना पारी फाडून बाहेर येते. निथळायला कंटाळा केला तर उलटी गत: गूळ विरघळतो, पातेल्यात रबरबीत गोळा होतो आणि घाईने उतरवला की पोळी तव्यावरच फुटते. उलथनं पुरणात उभं राहिलं म्हणजे झालं, ही खूण शेजारी कुणी दाखवली तर एका दिवसात कळते. पत्रातून ती कळवायची कशी? पत्रात फार तर ‘अंदाजाने गूळ घालणे’ एवढंच येणार, आणि अंदाज तर नेमका मागे राहिलेला.

यावर कुणी म्हणेल, पुस्तकं होतीच की. होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ 1910 चं. पण अशी पुस्तकं निघावीत, खपावीत, हाच मला माझ्या म्हणण्याचा पुरावा वाटतो. भरल्या घरात त्यांची गरज कुणाला पडली असती? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एकत्र कुटुंबातही भात करपायचाच, मग घर हलण्याला दोष का? करपायचा, खरं आहे. फरक इतकाच की तिथे चूक वेळीच कुणाच्या तरी नजरेला पडायची आणि ओरडा खाऊन का होईना, सुधारायची. जबलपुरात ती थेट ताटात यायची. उंचीला दोष देण्यातही अर्थ नाही. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम 400 मीटरवर, पाणी एखाद-दीड अंश आधी उकळतं एवढंच.

मापांचा गोंधळ मात्र खरा होता. शेर आणि पायली गावोगाव बदलत. दशमान वजनं 1958 नंतर आली. म्हणूनच 1970 मध्ये निघालेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ची करामत मला तिच्या पदार्थांपेक्षा तिच्या वाट्या-चमच्यांत दिसते. एक वाटी डाळ, एक वाटी गूळ हे प्रमाण आहे, वजन नव्हे. वाटी सांगलीची असो की जबलपूरच्या बाजारातली, डाळीला आणि गुळाला तीच वापरली की झालं. जुन्या सुगरणी याला पुस्तकी स्वयंपाक म्हणून नाकं मुरडतील, पण ज्यांना सासूचा शेजार मिळाला त्यांनी मुरडावीत. वाटी सगळं सांगत नाही, हे कबूल. डाळ दोन पावसाळे जुनी आहे की नवी, विहिरीचं पाणी जड आहे का, हे ती सांगू शकत नाही, आणि जुनी डाळ मोजूनमापून घेतली तरी शिजता शिजत नाही.