नदीकाठची पदयात्रा

नदीकाठची पदयात्रा : नदीच्या काठाकाठाने अनेक दिवस पायी चालत तिची ओळख करून घेणे, पाण्याविषयी गावोगाव बोलणे आणि शुद्ध पाण्याच्या कामासाठी निधी गोळा करणे, या हेतूंनी काढलेली सामुदायिक यात्रा. महाराष्ट्रात परिक्रमा, कावड आणि दिंडी ही तिची जुनी रूपे होत. निधिसंकलनाची जोड त्यामानाने अलीकडची आहे.

परंपरा : नर्मदा परिक्रमा हे या प्रकाराचे सर्वांत दीर्घ रूप. नर्मदेची लांबी सु. १,३१२ किमी. आहे. परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालतात. परंपरेने या परिक्रमेचा काळ ३ वर्षे, ३ महिने व १३ दिवस मानला जातो. वाटेवरच्या गावांतून मिळणाऱ्या सदावर्तावर त्यांचा निर्वाह होतो. मराठवाड्यात पाण्यासाठीच्या पायपिटीची आठवण पैठणच्या संत एकनाथांशी (१५३३–९९) जोडलेली आहे. काशीहून रामेश्वराकडे नेत असलेल्या कावडीतले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, अशी कथा सांगतात. तहानलेल्याला पाणी देणे हीच पूजा, हा या कथेचा अर्थ अशा यात्रेच्या मुळाशी आहे.

आधुनिक रूपे : २००२ पासून आळंदी ते पंढरपूर अशी जलदिंडी निघू लागली. वारकरी पायी जातात, तर जलदिंडी होड्यांतून इंद्रायणी व भीमेच्या प्रवाहाने जाते आणि काठावरच्या गावांत नदीच्या स्वच्छतेचा विषय मांडते. महाराष्ट्र शासनाच्या ‘चला जाणूया नदीला’ या अभियानाचा आरंभ २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथे झाला. जलतज्ज्ञ राजेंद्रसिंह यांच्या मार्गदर्शनाखाली सुरुवातीला ७५ नद्यांवर संवादयात्रा ठरल्या. हे दोन्ही उपक्रम मुख्यतः लोकजागृतीचे आहेत.

निधीसाठी चालण्याची पद्धत परदेशांत रुळलेली आहे. चालणारा आधी अंतर जाहीर करतो. नातेवाईक, शेजारी व सहकारी दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देण्याचे कबूल करतात. इंग्लंडमध्ये थेम्सकाठची सु. ३०० किमी.ची पायवाट १९९६ मध्ये राष्ट्रीय पायवाट म्हणून खुली झाली; अशा पदयात्रांना ती सोयीची आहे. वर्ल्ड व्हिजन या संस्थेच्या पाण्यासाठीच्या वार्षिक उपक्रमात सहा किलोमीटरचे अंतर ठेवतात, कारण विकसनशील देशांत पाणी आणण्यासाठी सरासरी तेवढे चालावे लागते, असे ती संस्था सांगते. डोक्यावर हंडा घेऊन टँकरच्या किंवा विहिरीच्या वाटेवर चाललेल्या बायका पाहत वाढलेल्या मराठवाड्याला हे अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खामकाठ : मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगरची खाम नदी अशा पदयात्रेला साजेशी आहे; ती जटवाडा-हर्सूलकडील डोंगरांत उगम पावते. हर्सूल तलाव, बारापुल्ला व मकाई दरवाजे, पाणचक्की आणि छावणी असा परिसर मागे टाकत ती वाळूजकडे वळते आणि पुढे जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाला मिळते. निजामशाहीतील वजीर मलिक अंबरने सतराव्या शतकात नहरींच्या भूमिगत जाळ्याने ज्या शहराला डोंगरातले निर्मळ पाणी पुरवले, त्याच शहराचे सांडपाणी पुढे खामेने वाहिले. अलीकडच्या वर्षांत महानगरपालिका, छावणी परिषद, व्हेरॉक ही कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी नागरिकांच्या साथीने नदीचे पुनरुज्जीवन हाती घेतले आहे. कचरा काढून काठ मोकळे केल्यामुळे तेथे पुन्हा माणसांचा वावर सुरू झाला.

शहराच्या दक्षिण भागातील उस्मानपुऱ्यात संत एकनाथांच्या नावाचे रंगमंदिर आहे आणि तेथील नळांना येणारे पाणीही नाथांच्या पैठणचे. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी केली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्याच्या नाथसागर जलाशयातून उपसलेले पाणी फारोळ्याला शुद्ध होऊन नक्षत्रवाडीमार्गे शहरात येते. हर्सूलपासून नाथसागरापर्यंत खामेच्या काठाने चालणाऱ्याला हा फेरा डोळ्यांनी दिसतो : शहर ज्या जलाशयातून पिते, त्यालाच आपली मळकी नदी नेऊन देते. नदीसाठी दिलेला रुपया आपल्याच घागरीत उतरतो, हे पटवायला याहून चांगली वाट नाही.

निधीचा विनियोग : शुद्ध पाण्याच्या कामांत मोठ्या बांधकामाइतकीच लहान, नित्याची कामे मोलाची असतात. हातपंपांची दुरुस्ती, शाळेतील टाकीची स्वच्छता व पाणी गाळण्याचे यंत्र, विहिरीभोवतीचा ओटा, शोषखड्डे यांवर थोड्या पैशांत बरेच साधते. गावात जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून पाणी निर्जंतुक करतो व ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने क्लोरीन तपासतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे किमान ०·२ मिग्रॅ. उरलेले असावे लागते. बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड व नायट्रेट मात्र टीसीएलने जात नाहीत, म्हणून प्रयोगशाळेतील तपासणीलाही पैसा राखून ठेवावा लागतो.

पथ्ये : पावसाळ्यात काठ निसरडे व प्रवाह बेभरवशाचा असतो, म्हणून दिवाळीनंतरचा थंडीचा काळ योग्य. रोजचा पल्ला सर्वांत हळू चालणाऱ्याच्या बेताने ठेवावा. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी तांब्या-पेला सोबत असावा. प्रत्येक देणगीची पावती द्यावी आणि जमाखर्च ज्या गावांतून यात्रा गेली तेथे वाचून दाखवावा. वर्षभराने त्याच वाटेने पुन्हा जाऊन हातपंप चालू आहे का, टाकी धुतली जाते का, हे पाहिले म्हणजे ती पदयात्रा पुरी झाली असे समजावे.