किल्ली, नळ आणि पावती

परमुलुखात बदली झालेल्या माणसाचा नव्या गावाशी पहिला व्यवहार घडतो तो बहुधा घरमालकाशी. कचेरी, शेजार, बाजार ही सारी मागाहून. प्रथम हवे असते डोक्यावर छप्पर. बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा हे एके काळचे खेडे आज औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिकाही तेथवर पोचली. कारखाना आणि आगगाडी जेथे जातात तेथे भाड्याच्या खोल्यांना मागणी येते, आणि मागणीच्या पाठोपाठ मालक-भाडेकरूंचा जुना कलह येतो. हा कलह छळाचे रूप केव्हा घेतो, हे ओळखण्यास मुंबईचा इतिहास फार उपयोगी पडतो. कारण तेथील भाडेकायद्याचे एकेक कलम म्हणजे पूर्वी कोणीतरी सोसलेल्या छळाची नोंदच होय.

पहिल्या महायुद्धात मुंबईस माणसांचा लोंढा आला. घरे मात्र तेवढीच राहिली. भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली सरकारला युद्धकालीन भाडेनियंत्रण कायदा करावा लागला. दुसऱ्या महायुद्धात तोच प्रसंग पुन्हा ओढवला, आणि अखेर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम होऊन तो फेब्रुवारी १९४८ मध्ये अमलात आला. या कायद्याने सप्टेंबर १९४० मधील भाडे हेच सामान्यतः प्रमाण भाडे मानले.

भाडे वाढवून भाडेकरू घालविण्याचा मार्ग अशा रीतीने बंद झाला. पण हेतू तोच राहिला आणि त्याने दुसऱ्या वाटा शोधल्या. त्या वाटा कोणत्या, हे त्याच कायद्याची पुढील कलमे सांगतात. भाड्याखेरीज पागडी घेणे हा गुन्हा ठरविला गेला, यावरून पागडी राजरोस घेतली जात होती हे उघड आहे. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक झाले. पावती नाकारण्यात एक डाव असे: आधी भाडे स्वीकारावयाचे, पावती द्यावयाची नाही, आणि मग थकबाकीचा दावा लावावयाचा. चोविसाव्या कलमाने पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सोयी योग्य कारणावाचून तोडण्यास मनाई केली. ज्याला दाराबाहेर काढता येत नाही त्याचा नळ बंद केला की तो आपण होऊन निघतो, हा अनुभव त्या कलमामागे आहे.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गोठविलेले भाडे दशकानुदशके तसेच राहिले. त्यातून घराची डागडुजी होईना. चाळी खचू लागल्या, आणि दुरुस्तीसाठी १९६९ साली स्वतंत्र मंडळ स्थापण्याचा कायदा करावा लागला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही भाडे असे गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे, असे मत दिले. त्यानंतरचा महाराष्ट्राचा एकत्रित कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात भाडेवाढीला वाट करून दिली आहे; पण पावतीचे आणि नळाचे कलम कायम आहे.

महाराष्ट्राची सीमा ओलांडली की हे छत्र डोक्यावरून जाते. कर्नाटकात १९६१ चा कायदा होता; त्याच्या जागी १९९९ चा अधिनियम २००१ च्या अखेरीस अमलात आला. परंतु मोठ्या शहरांत दरमहा ३५०० रुपयांहून आणि इतरत्र २००० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या घरांना तो लागूच नाही. आजच्या भाड्यांचा विचार करता बहुतेक नोकरदार त्याच्या कक्षेबाहेर पडतात. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकायद्याचा मसुदा मंजूर केला आणि त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे सुचविले; पण राज्याने स्वीकारल्यावाचून तो मसुदाच राहतो.

मग बोम्मसंद्र्यातील भाडेकरू निराधार आहे काय? तसे नाही. भाडेकायद्यांहून जुने असे एक तत्त्व त्याच्या पाठीशी आहे: ताबा बळाने नव्हे, न्यायालयामार्फतच घ्यावयाचा. १८७७ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या नवव्या कलमात ते होते. रुद्रप्पा विरुद्ध नरसिंगराव या प्रकरणात, विसाव्या शतकाच्या आरंभीच, मुंबई उच्च न्यायालयाने ते मालकाविरुद्धही लागू केले. १९५४ साली मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी स्पष्ट केले, की भाडेकरूचा करार संपला तरी त्याच्या ताब्याला कायद्याचे संरक्षण असते. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ग्वाल्हेर संस्थानच्या महसुली कायद्याखाली उद्भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच परंपरा उचलून धरली.

आज हे तत्त्व १९६३ च्या अधिनियमाच्या सहाव्या कलमात आहे. संमतीवाचून आणि कायदेशीर मार्गावाचून ज्याला बाहेर काढले, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावावा. घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न तेथे निघत नाही. मात्र सरकारविरुद्ध असा दावा चालत नाही, हे सरकारी निवासात राहणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या इतिहासातून छळाच्या खुणा आणि त्यांवरील उपाय दोन्ही हाती येतात. पावती टाळली जाऊ लागली, तर भाडे रोखीने न देता बँकेमार्फत द्यावे, म्हणजे खातेपुस्तक हीच पावती होते. नळ किंवा वीज तुटली, तर तारीख व वेळ टिपून मालकास त्याच दिवशी लेखी कळवावे आणि टपालाची पोच जपावी. घर सोडण्याचे तोंडी फर्मान आले, तर करारातील मुदत दाखवावी. करारात मुदत नसेल तर मासिक भाडेकरूस १८८२ च्या संपत्ती हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे पंधरा दिवसांची लेखी सूचना मिळाली पाहिजे. कुलूप बदलण्याची धमकी आली, तर कुलूप बदलण्याची वाट न पाहता दिवाणी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागावा. भाडे मात्र एक महिनाही थकवू नये. रागाने भाडे अडवून धरणारा भाडेकरू मालकाच्या हाती आयते कारण देतो.

बदलीवरचा माणूस बहुधा भांडत नाही. दोन वर्षांनी जावयाचेच आहे, असे म्हणून तो अनामतीवर पाणी सोडतो आणि घर बदलतो. पण त्याच खोलीत पुढे जो येतो, त्याच्यापाशी कदाचित तेवढा पगार नसतो. रुद्रप्पाने दावा लावला नसता तर आपल्यासाठी तो निवाडाही राहिला नसता.