राणीच्या बागेतली झाडे



उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला गेलेला खेडेगावचा माणूस दोन गोष्टी पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. एक समुद्र, आणि दुसरी भायखळ्याची राणीची बाग. परत आल्यावर त्याला विचारा, "काय रे पाहिलंस बागेत?" तो सांगेल, वाघ पाहिला, पाणघोडा पाहिला, आणि २०१६ सालापासून तिथे पेंग्विन आले आहेत, तेही पाहिले. "आणि झाडं?" असे विचारलेत तर तो हसून म्हणेल, "झाडं काय, आपल्याकडं कमी आहेत होय!"

आज मला त्या झाडांविषयीच बोलायचे आहे. कारण ही बाग मुळात झाडांसाठी झाली. जनावरे तिथे मागाहून आली.

पश्चिम हिंदुस्थानची शेती व बागाईत सुधारावी म्हणून १८३० साली मुंबईत एक मंडळी स्थापन झाली होती. तिची बाग शिवडीला होती. देशोदेशीची रोपे आणून ती आपल्या हवेत जगतात का, हे तिथे पाहिले जाई. १८६१ च्या सुमारास ही बाग भायखळ्याला हलवण्यात आली. तिथे १९ नोव्हेंबर १८६२ रोजी, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते, ती सर्वांसाठी खुली झाली. नाव दिले व्हिक्टोरिया राणीचे. लोकांनी म्हटले, राणीची बाग. आजचे तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

बागेतच एक वस्तुसंग्रहालय आहे. ते उभारणाऱ्या समितीत नाना शंकरशेट होते, डॉक्टर जॉर्ज बर्डवुड होते आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजी गोमंतकातल्या मांद्रे गावचे. कुष्ठरोगावर वनस्पतीतून औषध मिळवण्याचा ध्यास घेतलेला हा वैद्य. पुढे त्या संग्रहालयाला त्यांचेच नाव मिळाले.

आता त्या काळी मुंबईत पैसा कुठून आला, तेही ऐका. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेत पोचेना. गिरण्यांना कापूस हवा, मग आपल्या वऱ्हाडच्या, खानदेशच्या, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी गबर झाले आणि सार्वजनिक कामांना देणग्यांचा ओघ सुरू झाला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. संग्रहालयाचे बांधकामही अडले. सरकारने पुढे ते पुरे केले आणि १८७२ च्या मे महिन्यात त्याची दारे उघडली. दुसऱ्याच वर्षी बाग नगरपालिकेकडे आली. प्राणी आले ते १८९० च्या सुमारास, शेजारची आणखी जमीन जोडल्यावर.

तेव्हा खेडुताने या बागेत पाहुण्यासारखे अंग चोरून फिरू नये. ज्या भरभराटीत ती उभी राहिली, तिच्या मुळाशी त्याच्याच पणजोबा-खापरपणजोबांनी वेचलेला कापूस होता.

बाग पाहायची तर रोहिणी नक्षत्रात पाहावी. पाऊस अजून आठ-पंधरा दिवस दूर असतो, अंगाची लाही होत असते. भायखळा स्टेशनावर उतरून पूर्वेला थोडे चालावे आणि फाटकातून आत शिरावे. आत पाऊल टाकताच उन्हाची धग सरते. याच दिवसांत फुललेली झाडे घरची कोण आणि पाहुणी कोण, ते ओळखत हिंडावे.

पिवळ्या झुंबरांनी लगडलेला बहावा आपला घरचा. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो, असे जुनी माणसे सांगत आली. जांभळ्या तुऱ्यांचा ताम्हणही घरचा, कोकणातल्या ओढ्याकाठचा. महाराष्ट्राचे राज्यफूल ते हेच. लालभडक गुलमोहर मात्र पाहुणा बरे का! त्याचे मूळ गाव आफ्रिकेच्या पूर्वेचे मादागास्कर बेट. ज्याला आपण पर्जन्यवृक्ष म्हणतो तो अमेरिकेतला. सांजावले की हा पाने मिटून घेतो, आणि त्याच्या गोड शेंगा गुरे आवडीने खातात. खोडालाच फुले धरणारा कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. फुलातली रचना पाहून आपण त्यात शिवलिंग आणि वर नागफणा पाहिला. पिंपासारख्या बुंध्याची गोरखचिंच आफ्रिकेची. पावसाच्या तोंडावर तिला मोठी पांढरी फुले लोंबतात. ती रात्री उमलतात, आणि वटवाघळे त्यांच्यावर येतात.

संग्रहालयाजवळ एक दगडी हत्तीही आहे. तो घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८१४ साली तो मोडून पडला. १८६४ साली त्याचे तुकडे या बागेत आणले, आणि १९१४ साली ते पुन्हा सांधून हत्ती उभा केला.

दगडाचा हत्ती असा पन्नास वर्षांनीही सांधता आला. झाडाचे तसे होत नाही. २००७ साली प्राणिसंग्रहालय नव्या धर्तीवर मोठे करण्याचा एक आराखडा पुढे आला. पिंजरे, रस्ते, इमारती वाढणार म्हणजे झाडांवर संकट. तेव्हा मुंबईतले काही नागरिक एकत्र आले. त्यांनी झाड न् झाड मोजले, जात न् जात लिहून काढली. तीन हजारांवर झाडे आणि पावणेतीनशेंवर जाती निघाल्या. ही यादी हातात घेऊन त्यांनी वर्षानुवर्षे दाद मागितली, आणि अखेर तो मूळ आराखडा आवरता घ्यावा लागला. नुसते "झाडे वाचवा" म्हणून ओरडले असते, तर कोणी ऐकले असते का, कोण जाणे. त्यांच्यापाशी मोजदाद होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपल्याही उपयोगाची आहे. मुंबईची सहल सर्वांनाच परवडते असे नाही. पण गाव तर आपल्या हातचे आहे. शाळा उघडली, मृगाचा पहिला पाऊस झाला, की एक दिवस मुलांना घेऊन गावात फिरा. चावडीपुढचा पिंपळ, देवळामागचा वड, ओढ्याकाठचा करंज, बांधावरची बाभूळ, शाळेच्या अंगणातला गुलमोहर, सगळी एका वहीत लिहून घ्या. घरचे कोणते, पाहुणे कोणते, ते मुलांनाच शोधू द्या. कोणी लावले आणि केव्हा, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा. पाच वर्षांनी तीच वही काढा आणि पुन्हा मोजा.

उद्या रस्ता रुंद करायला कोणी कुऱ्हाड घेऊन आले, तर ती वही गावाच्या कामी येईल.