हिरडीतून रक्त का येते?

१७ सप्टेंबरला नांदेड-लातूरच्या शाळांत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. १६८३ साली याच तारखेला हॉलंडमधील लेव्हेनहुक या कापड-व्यापाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. तो रोज मिठाने दात घाशी. तरीही फटींत साचणारा पांढरा थर त्याने पावसाच्या पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात असंख्य सजीव वळवळत होते! ते जीवाणू होते.

उपचार मात्र त्याहून जुने. सुश्रुतसंहितेत हिरड्यांचे १५ विकार आहेत. मऊ पडून रक्त येणाऱ्या हिरडीचा विकार ‘शीताद’, तर दातांवरचे कडक कीटण म्हणजे ‘दंतशर्करा’. ती दातांची मुळे न दुखावता काढावी, असेही तेथे सांगितले आहे.

थर आणि रोग यांचे नाते प्रयोगाने दाखवले गेले ते १९६५ साली, डेन्मार्कमध्ये. हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच साधारण आठवड्याभरात त्या बऱ्या झाल्या.

याचा अर्थ काय? रक्त आले म्हणून घासणे सोडले, तर रोग वाढतो. मऊ ब्रशने हलकेच, पण नियमित घासायला हवे. थर कडक झाला की ब्रश पुरत नाही. दंतवैद्याकडे जाऊन कीटण काढावे लागते. त्याने दात सैल होत नाहीत. आधीच झिजलेल्या हाडामुळे ते हलत असतात, कीटण निघाल्यावर ते जाणवते इतकेच. झिजलेले हाड मात्र आपोआप भरून येत नाही.

आपल्याकडे भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांना लावण्याची सवय जुनी आहे. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून म्हणूनच रक्त कमी येते आणि रोग आत लपून वाढतो. मिश्रीने तर हिरड्या मागे सरतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कायदा कसा थांबवणार? ते काम वर्गातूनच सुरू व्हायला हवे. मुले घरी जाऊन आजीला ल्योचा प्रयोग सांगू शकतील.