वारसाच्या रकान्यात चेला

पेशवाईच्या मुलखात हिजड्यांना गावोगाव मागण्याचा हक्क होता. हे मी कॅमेऱ्यासमोर म्हणते तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटतं, आता ही आशीर्वादाची नाहीतर शापाची गोष्ट सांगणार. मी मात्र दप्तरातल्या हक्काबद्दल बोलत असते. पाटलाचा हक्क असायचा, जोशाचा असायचा, तसाच हाही. काहींजवळ सनदा होत्या, काहींकडे इनामाची जमीन होती. नेमून दिलेल्या भागातल्या गावांनी धान्य किंवा पैसा द्यायचा आणि गुरू गेली की तो हक्क चेल्याकडे यायचा. लॉरेन्स प्रेस्टन नावाच्या अभ्यासकानं मुंबई इलाख्याच्या जुन्या कागदांतून ही हकिकत 1987 साली मांडली.

मी पुण्यात राहते आणि मोबाईलवर आमच्या लोकांच्या इतिहासाचे छोटे व्हिडिओ करते. बाहेर कुणी मला कार्यकर्ती म्हणतं, कुणी इन्फ्लुएन्सर. माझी गुरू सरळ 'मोबाईलवाली' म्हणते. लोक मला विचारतात ऑपरेशनबद्दल, साडीबद्दल, टाळीबद्दल. एकानंही अजून विचारलं नाही की तुमच्यात माणूस मेल्यावर त्याचं घर कुणाकडे जातं. मला तर आमचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास याच एका प्रश्नात दिसतो.

कंपनी सरकारला पेशव्यांचे हे कागद नडले. असल्या लोकांना सरकारी शिक्क्यानं मागू देणं म्हणजे अनीतीला आश्रय देणं, असं साहेबाचं मत पडलं. 1840 आणि 50 च्या दशकांत मुंबई इलाख्यात हे हक्क मोडीत निघाले. त्याच सुमारास इनाम कमिशन गावोगावच्या सनदा तपासत फिरत होतं आणि भल्याभल्यांची इनामं बुडत होती. आमच्याकडे मागणं तेवढं राहिलं, त्यामागचा कागद गेला. आज दुकानासमोर उभं राहिलं की 'धंदा लावलाय यांनी' असं ऐकू येतं. एके काळी त्या धंद्याची पावती सरकारनंच दिली होती, हे सांगायची सोय आता राहिलेली नाही.

उत्तरेकडे प्रकरण याहून वाईट होतं. 1852 मध्ये मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या हिजड्याचा खून झाला. ती दोन चेल्यांसह राहत होती, एक पुरुष तिच्या सोबतीला होता. खटला एका खुनाचा होता, पण इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यात सगळ्या जमातीलाच आरोपी करून टाकलं. जेसिका हिंची यांनी आपल्या 2019 च्या पुस्तकात इथूनच सुरुवात केली आहे. पुढं 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याचा पहिला भाग महाराष्ट्रात पारधी, कैकाडी, रामोशी अशा अनेकांना माहीत आहे, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी हजेरी दिलेली आहे. दुसरा भाग आमच्यावर होता आणि त्याचा अंमल मुख्यतः वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाकडे झाला.

कायद्याच्या त्या दुसऱ्या भागात एक रजिस्टर ठेवायला सांगितलं होतं. ज्यांच्यावर मुलं पळवल्याचा किंवा कलम 377 च्या, म्हणजे 'अनैसर्गिक' संबंधांच्या गुन्ह्याचा संशय, त्यांची नावं आणि पत्ते त्यात लिहायचे, मालमत्तेचीही नोंद करायची. नाव चढलेल्या माणसानं रस्त्यावर बाईचे कपडे किंवा दागिने घातले, नाच केला, वाजवलं, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. या कलमावर मी व्हिडिओ केला तेव्हा तो खूप फिरला, कारण बांगड्या घातल्या म्हणून तुरुंग ही गोष्ट कुणालाही चटकन कळते. मला मात्र त्याच्या पुढचं एक कलम जास्त छळतं. नोंद झालेल्या हिजड्याला कुणा अज्ञानाचं पालक होता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, मुलगा दत्तक घेता येणार नाही. ओळीनं चार गोष्टी. साडी पोलिसांची पाठ फिरली की पुन्हा नेसता येते. या चार गोष्टींनी गुरूच्या मागे चेला उभाच राहणार नाही, अशी तजवीज केली होती. वायव्य प्रांताच्या सरकारला तेच हवं होतं. माणसं मारायची नाहीत, पुढची पिढी होऊ द्यायची नाही.

पिढी झाली. ती कशी झाली, हे समजायला आमच्या जमातीचा कारभार पाहावा लागतो. मुंबईत लष्करवाली, भेंडीबाजारवाली, बुलाकवाली, पूनावाली अशी घराणी आहेत, त्यांचे नायक आहेत. नव्या माणसाची पंचांसमोर 'रीत' होते, म्हणजे गुरूच्या नावावर तिची नोंद होते. गुरूची गुरू ती नानी, चेल्याची चेला ती नातचेला. भांडण झालं तर जमात बसते आणि डंड लावते. बधाईला, म्हणजे लग्नाच्या किंवा बाळ झालेल्या घरी आशीर्वाद देऊन मागायला, कुणी कुठल्या वस्तीत जायचं याच्या हद्दी ठरलेल्या असतात आणि त्या ओलांडल्या तर मारामाऱ्या होतात. सरकारनं हक्क बुडवला तरी हद्दी जमातीनं तोंडी जपल्या, आणि गुरूचं ते चेल्याचं हा नियमही.

हे सांगताना मी जमातीला सोन्याचं करत नाही. चेल्याच्या मिळकतीत गुरूचा वाटा असतो, घराणं सोडायचं तर पैसे भरावे लागतात, डंडाची रक्कम ऐकून पोरी रडलेल्या मी पाहिल्या आहेत. माझ्या वयाच्या कित्येकींना रीत नकोशी वाटते. ट्रान्स पुरुषांना तर या घराण्यांत कधी जागाच नव्हती. पण घरातून हाकललेल्या पोरीला रात्री दार कुणी उघडलं, हे विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा जमातीकडेच जातं.

31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस पाळतात, आम्हीही पाळायला हरकत नाही. त्यानंतर वारसाचा प्रश्न कोर्टात गेला. मध्य प्रदेशात एका हिजड्यानं आपलं घर जमातीबाहेरच्या माणसाला मृत्युपत्रानं दिलं. त्यावर दावा लागला, आणि 1990 साली छापून आलेल्या निवाड्यात उच्च न्यायालयानं गुरू-चेल्याची चाल मान्य केली. 2016 मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात उलटं प्रकरण आलं. चेला आधी गेली होती आणि मागे गुरू होती. न्यायालयानं इथंही जमातीची चालच धरली आणि मालमत्ता गुरूला मिळाली. पेशव्यांच्या दप्तरानंतर एवढ्या वर्षांनी सरकारच्या कुठल्या तरी कागदात गुरू-चेला हे नातं म्हणून उमटलं, ते या निकालांत.

आमच्या पिढीला वाट मोकळी झाली ती मात्र सर्वोच्च न्यायालयानं आम्हाला तृतीय लिंग म्हणून मान्यता दिली त्या 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालानं. आमच्यातल्याच कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. ठाण्याची ही मुलगी भरतनाट्यम नाचत, टीव्हीवर भांडत भांडत सगळ्या देशाला माहीत झाली. त्यांचं मराठी आत्मकथन मी घरात चोरून वाचलं आणि मला माझ्यासाठी शब्द मिळाले. 2017 मध्ये मुंबईच्या ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत यांची जाहिरात मोबाईलवर आली. एक अनाथ मुलगी आपल्या आईबद्दल बोलते, आणि शेवटी आई कोण ते दिसतं. माझ्या आईनं ती जाहिरात पाहिली आणि मला फोन केला. बोलली काही नाही, जेवलीस का एवढंच विचारलं. मोबाईलवर बोलायला मी त्यानंतर लागले.

मग 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळू लागलं, माझंही आहे. मी त्या कायद्याचा मजकूर आणि 1871 चा मजकूर शेजारी ठेवून वाचला. 1871 मध्ये आम्ही बाईचे कपडे घातले तर जास्तीत जास्त दोन वर्षं. 2019 मध्ये कुणी आमच्यावर लैंगिक अत्याचार केला तर त्यालाही जास्तीत जास्त दोन वर्षं. आणि 'कुटुंब' कोणाला म्हणायचं, तर रक्तानं, लग्नानं किंवा कायदेशीर दत्तकानं जोडलेल्या माणसांना. आईबापांना मूल सांभाळणं जमत नसेल तर कोर्ट त्याला पुनर्वसन केंद्रात पाठवणार. गुरूचं नाव त्यात नाही.

याचा अर्थ मला गेल्या वर्षी कळला. गुरू आजारी पडली. दवाखान्यात संमतीच्या कागदावर सही करायला गेले तर 'नातं काय?' म्हणून विचारलं. चेला म्हटल्यावर तिथल्या बाईंनी 'रक्ताचं कुणी बोलवा' असं सांगितलं. ज्या भावानं तिला चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं, त्याचा नंबर शोधावा लागला. तो आला, सही केली आणि जाताना तिची खोली कुणाच्या नावावर आहे, ते विचारून गेला.

गुरू बरी होऊन घरी आली आणि पहिल्यांदाच माझ्या मोबाईलचं तिला काम पडलं. मी तिला सांगितलं की 1871 च्या कायद्यानं काढून घेतलेल्या चार गोष्टींपैकी एक आज आपल्या हातात आहे आणि तिला फार खर्चही लागत नाही. साध्या कागदावर मृत्युपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्या, जमलं तर नोंदणी. तिचा जमातीवर विश्वास होता, कागदावर नव्हता. 'पंच आहेत की,' म्हणाली. मी म्हटलं, पंच असू देत अम्मा, पण तुझा भाऊ पंचांपुढे येणार नाही, कोर्टात जाईल.

तिनं मृत्युपत्र केलं. खोली आम्हा चेल्यांच्या नावे आहे. माझ्या व्हिडिओंमध्ये हा विषय सगळ्यात कमी पाहिला जातो आणि मी तो सगळ्यात जास्त वेळा करते. मृत्युपत्रानं दवाखान्यातली सही मिळत नाही, त्यासाठी 'कुटुंब' या व्याख्येत गुरू-चेल्याला जागा मागावी लागेल आणि ती मागणी आम्ही प्रत्येक निवेदनात लिहितो. ती मिळेपर्यंत माझ्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे की रीत केली असो वा नसो, आपल्यामागे कोण ते आपल्या सहीनं लिहून ठेवा. नाही लिहिलं, तर 1871 चं ते चौकलमी कलम पुस्तकातून गेलं तरी तुमच्या घरात चालूच राहील.